नेटवर्क डिस्कव्हरी आणि घरगुती जाळ्यातील बिघाड

एकाच घरगुती जाळ्यावरील संगणक आपले अस्तित्व परस्परांना ज्या व्यवस्थेद्वारे कळवतात, तिला नेटवर्क डिस्कव्हरी म्हणतात. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये ‘नेटवर्क’ या विभागात दिसणारी नावे अशा घोषणांमधून गोळा झालेली असतात. यादीत नाव नसले तरी तो संगणक जाळ्यावर व्यवस्थित चालू असू शकतो. हा भेद लक्षात न घेतल्यामुळेच बिघाड शोधणाऱ्याची बहुतेक दमछाक होते.

जुन्या विंडोजमध्ये ही यादी नेटबायॉस या, संगणकांना नावाने ओळखण्याच्या जुन्या व्यवस्थेच्या आधारे बने. जाळ्यातील संगणकांमध्ये चक्क निवडणूक होऊन एकाकडे यादी सांभाळण्याचे काम येई आणि बाकीचे साधारण दर १२ मिनिटांनी त्याच्याकडे हजेरी लावत. त्यामुळे अचानक बंद पडलेल्या संगणकाचे नाव अर्धा तास उलटला तरी यादीत दिसत राही. ही व्यवस्था एसएमबी १ या फाइल शेअरिंगच्या जुन्या प्रोटोकॉलवर (संगणकांनी आपसात बोलण्याच्या नियमसंचावर) अवलंबून होती. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने त्याच प्रोटोकॉलच्या विंडोजमधील त्रुटीचा फायदा घेतला. ऑक्टोबर २०१७ मधील विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये एसएमबी १ पूर्णपणे किंवा अंशतः येईनासे झाले, तर विंडोज ७ सोबत आलेली होमग्रुप ही घरातल्या संगणकांमध्ये फाइल शेअर करण्याची सोय २०१८ मधील १८०३ या आवृत्तीत काढून टाकली गेली. आता घोषणेचे काम डब्ल्यूएस-डिस्कव्हरी हा प्रोटोकॉल यूडीपी पोर्ट ३७०२ (संदेशांच्या ये-जा करण्याचे क्रमांकित द्वार) वरून करतो. त्यासाठी ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा चालू असावी लागते. ती बंद असलेला संगणक इतरांना यादीत दिसत नाही. जुने उपकरण दिसावे म्हणून एसएमबी १ पुन्हा चालू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण केवळ यादीतल्या एका नावासाठी तो धोका पत्करण्यात अर्थ नाही.

तपासणीची सुरुवात दोन्ही संगणकांवर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ (ipconfig) ही, संगणकाचा जाळ्यावरील आयपी पत्ता दाखवणारी आज्ञा देऊन करावी. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि पुढची तपासणी तूर्त व्यर्थ आहे. फायबर कंपनीचा डबा स्वतःच राउटर असतो आणि त्याच्या मागे घरमालक आपला वेगळा वाय-फाय राउटर जोडतो, तेव्हा एकाच घरात नकळत दोन जाळी तयार होतात. डब्याला केबलने जोडलेल्या डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.१.५ आणि आतल्या राउटरवरील लॅपटॉपचा १९२.१६८.०.१०४ असेल, तर घोषणा राउटर ओलांडत नाहीत म्हणून दोघेही एकमेकांना यादीत दिसत नाहीत. गंमत अशी, की पत्ता देऊन लॅपटॉपवरून डेस्कटॉप सहसा उघडतो, उलट दिशेने मात्र नाही. अशा वेळी आतला राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे वेगळे जाळे न करता फक्त वाय-फाय पुरवण्यासाठी चालवावा. गेस्ट वाय-फायवरील उपकरणे बहुधा मुद्दामच इतरांपासून तोडलेली असतात.

पत्ते एकाच जाळ्यातले असतील, तर एक्सप्लोररच्या ॲड्रेस पट्टीत दोन बॅकस्लॅश देऊन दुसऱ्या संगणकाचा आयपी पत्ता लिहावा. शेअर केलेली फोल्डर उघडली, तर बिघाड केवळ घोषणेत किंवा नावात आहे आणि त्या पत्त्याचा शॉर्टकट करूनही काम भागते. काहीच उघडले नाही, तर ज्या संगणकावर फोल्डर आहे त्याचे जाळे ‘पब्लिक’ऐवजी ‘प्रायव्हेट’ म्हणून नोंदलेले आहे का, फाइल शेअरिंग चालू आहे का आणि अँटिव्हायरससोबत आलेली फायरवॉल फाइल शेअरिंगसाठी लागणारा टीसीपी पोर्ट ४४५ अडवते का, हे पाहावे. पिंगला (दुसरा संगणक प्रतिसाद देतो का हे पाहणाऱ्या आज्ञेला) उत्तर न येणे हा मात्र निर्णायक पुरावा नव्हे, कारण विंडोजची फायरवॉल अनेकदा पिंगच अडवते.

पासवर्डची चौकट आली, म्हणजे जोडणी झालेली आहे. तेथे रोज लॉग-इन करताना वापरला जाणारा पिन चालत नाही. समोरच्या संगणकावरील खात्याचे नाव आणि त्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो.