दिवाणखान्यातून रेडिओवर, रेडिओवरून पुन्हा घरी

१९४० च्या सुमारास अमेरिकेतील दुकानांत रेडिओवरच्या प्रश्नमंजूषांची नावे छापलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या दिसू लागल्या. रेडिओच्या लोकप्रियतेवर उभा राहिलेला हा एक जोडधंदा होता असे वरवर पाहता वाटते. परंतु त्यांतील बऱ्याच खेळांचा उगम घराच्या दिवाणखान्यातच होता, आणि माझ्या मते ही गोष्ट समजून घेतल्याखेरीज त्या पेट्यांचा इतिहास नीट उलगडत नाही.

शाळांमधून चालणाऱ्या शब्दलेखनाच्या स्पर्धा आणि जेवणानंतर मंडळी जमवून खेळले जाणारे प्रश्नोत्तरांचे खेळ तेथे पूर्वीपासून रूढ होते. १९२७ साली तर निव्वळ प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांची लाट आली. पुढे मंदीच्या काळात रेडिओ हेच घरबसल्या मिळणारे स्वस्त करमणुकीचे साधन ठरले आणि १९३६ मध्ये ‘प्रोफेसर क्विझ’ हा कार्यक्रम सुरू झाला. १९३८ च्या मे महिन्यात आलेल्या ‘इन्फर्मेशन प्लीज’ने मात्र सगळा क्रमच उलटा केला. तेथे प्रश्न श्रोत्यांनी पाठवायचे आणि क्लिफ्टन फॅडिमन यांच्या सूत्रसंचालनाखाली बसलेल्या तज्ज्ञांनी उत्तरे द्यायची. तज्ज्ञ अडखळले की प्रश्न पाठवणाऱ्याला जादा बक्षीस मिळे. सामान्य श्रोत्याला विद्वानांची परीक्षा घेण्याचा हा जो मान मिळाला, त्यातच घरी असा खेळ मांडण्याच्या हौसेचे मूळ असावे.

राल्फ एडवर्ड्स यांनी मार्च १९४० मध्ये ‘ट्रुथ ऑर कॉन्सिक्वेन्सेस’ सुरू केले, ते लहानपणी खेळलेल्या, चुकल्यास शिक्षा भोगण्याच्या एका घरगुती खेळावरून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ‘टेक इट ऑर लीव्ह इट’मध्ये बक्षीस १ डॉलरपासून दुप्पट होत होत सातव्या प्रश्नाला ६४ डॉलरवर पोहोचे, आणि प्रत्येक पायरीवर मिळालेले घेऊन थांबायचे की पुढे जायचे हे स्पर्धकाला ठरवावे लागे. जूनमध्ये शिकागोहून सुरू झालेल्या ‘क्विझ किड्स’मध्ये पदवीदानाचे झगे व टोप्या घातलेली हुशार मुले उत्तरे देत. ‘मोनोपॉली’ हा पटावरचा खेळ घरोघर पोहोचवणाऱ्या पार्कर ब्रदर्स या कंपनीने ‘क्विझ किड्स’च्या नावाची खेळपेटी लगोलग बाजारात आणली.

अशा प्रश्नपेट्यांची एक मोठी अडचण होती. रेडिओवर दर आठवड्याला प्रश्न नवे असत. पेटीतले प्रश्न दोन-चार वेळा खेळले की पाठ होऊन जात. घरातल्याच कोणीतरी प्रश्नकर्ता व्हायचे, म्हणजे त्याची उत्तरे देण्याची संधी जायची. तरीही रेडिओसमोर बसून मनातल्या मनात दिलेले उत्तर येथे मोठ्याने देता येई, आणि ते बरोबर की चूक हे घरची माणसेच ठरवत.

फेब्रुवारी १९४६ मध्ये रेडिओवर आलेल्या ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ला तर पेटीची गरजच नव्हती. फ्रेड व्हॅन डेव्हेंटर आपल्या कुटुंबीयांसह, घरी खेळत तसाच तो खेळ ध्वनिक्षेपकासमोर खेळत. वीस प्रश्नांत ओळखायची वस्तू प्राणिज, वनस्पतिजन्य की खनिज एवढे सांगितले की खेळ सुरू होई, आणि तसाच तो श्रोत्यांना घरीही खेळता येई.