बायथलॉन विश्वचषक हंगाम

क्रॉस-कंट्री स्कीइंग आणि रायफल नेमबाजी एकत्र असलेल्या बायथलॉन या हिवाळी खेळातील शर्यतींची वार्षिक मालिका. आंतरराष्ट्रीय बायथलॉन संघटना ती भरवते. नोव्हेंबरअखेर सुरू होणारा हंगाम मार्चमध्ये संपतो. पुरुषांसाठी विश्वचषक १९७७–७८ मध्ये सुरू झाला, महिलांसाठी १९८२–८३ मध्ये. स्वीडनमधील ऑस्टरसुंड, फिनलंडमधील कोन्टिओलाहती, ऑस्ट्रियातील होखफिल्झन, जर्मनीतील ओबरहोफ व रूपोल्डिंग, इटलीतील आंथोल्झ आणि नॉर्वेतील होल्मेनकोलेन ही त्याची नेहमीची ठाणी. ओबरहोफ धुक्यासाठी आणि वाऱ्यासाठी कुप्रसिद्ध आहे. आंथोल्झ सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्याने तिथे दम लवकर लागतो.

खेळाडू पाठीवर किमान साडेतीन किलोची रायफल घेऊन स्कीइंग करतो आणि धापा टाकतच नेमबाजीच्या जागी पोहोचतो. लक्ष्ये ५० मीटरवर, पाच गोळ्यांना पाच. झोपून नेम धरताना लक्ष्याचा व्यास ४५ मिमी असतो, उभ्याने ११५ मिमी. आकडे पाहून उभ्याची नेमबाजी सोपी वाटेल, पण बहुतेक शर्यती तिथेच फिरतात. थकलेल्या पायांवर रायफल स्थिर ठेवायची आणि वारा वळला तर रायफलवरची साइट, म्हणजे नेम धरायची खूण, दोन-तीन खाचा (क्लिक) सरकवायची, हे सगळे अर्ध्या मिनिटाच्या आत. नेम चुकला की प्रत्येक चुकीमागे १५० मीटरची दंडफेरी. पारंपरिक वैयक्तिक शर्यतीत फेरीऐवजी एक मिनिट वाढवतात. पाठलाग शर्यतीत आदल्या स्प्रिंट या छोट्या शर्यतीतील वेळेच्या फरकानेच खेळाडू सुटतात, त्यामुळे आदल्या शर्यतीतली एक चूक पुढच्या शर्यतीतही भोवते.

पहिल्या ४० जणांना गुण मिळतात. एकूण गुणांत आघाडीवर असलेला पिवळा बिब (अंगावरचा क्रमांकाचा पट्टा) घालतो, शर्यतीच्या एखाद्या प्रकारात आघाडीवर असलेला लाल. शेवटी अव्वल ठरणाऱ्याला स्फटिकाचा मोठा गोल देतात. हंगामाचा खरा स्वभाव मात्र गुणांच्या तक्त्यात दडलेला आहे. पूर्वी पहिल्या दोन क्रमांकांना ६० आणि ५४ गुण होते. २०२२–२३ पासून ते ९० आणि ७५ झाले. पाच वेळा दुसरा येणाऱ्याच्या खात्यात पूर्वी साडेचार विजयांइतके गुण जमत, आता चार विजयांहून थोडेच अधिक जमतात. म्हणजे सातत्याला मिळणारे झुकते माप कमी करून जिंकण्याचे मोल वाढवले गेले. हा बदल प्रेक्षकांच्या सोयीचा म्हणावा लागेल. एक मात्र खरे, की २०२०–२१ मध्ये जुन्या तक्त्यावरही चुरस तेवढीच रंगली होती: योहान्स थिंग्नेस बो याने आपलाच नॉर्वेजियन सहकारी स्टुर्ला होल्म लेग्राइड याला अवघ्या १३ गुणांनी मागे टाकले.

नव्या तक्त्याच्या पहिल्याच हंगामात बोने चुरस अशी उरूच दिली नाही. त्या हिवाळ्यात त्याने जागतिक स्पर्धा धरून १९ वैयक्तिक शर्यती जिंकल्या. एकूण विजेतेपदांत मात्र फ्रान्सचा मार्टिन फुरकाद पुरुषांत सर्वांच्या पुढे आहे: २०११–१२ ते २०१७–१८, सलग सात वेळा. महिलांत स्वीडनच्या मग्दालेना फोर्सबर्गने सलग सहा हंगाम जिंकले.

२०२४–२५ चा महिलांचा हंगाम होल्मेनकोलेनच्या शेवटच्या शर्यतीपर्यंत ताणला गेला. जर्मनीची फ्रान्झिस्का प्रॉयस आणि फ्रान्सची लू जॉनमोनो शेवटच्या फेरीवर बरोबरीने होत्या. अखेरची रेषा जवळ आलेली असताना जॉनमोनो घसरून पडली, प्रॉयस निसटली आणि स्फटिकाचा गोल तिच्याकडे गेला. बोने त्याच ठिकाणी निवृत्ती घेतली, त्याचा थोरला भाऊ तार्येई यानेही.

ऑलिंपिकच्या हिवाळ्यातही विश्वचषक होतो, पण ऑलिंपिक शर्यतींचे गुण हल्ली त्यात धरत नाहीत. २०२३–२४ पासून स्की अधिक सरकाव्यात म्हणून तळाला लावायच्या फ्लोरीनयुक्त मेणावर बंदी आहे, त्यामुळे स्की तयार करणाऱ्या तंत्रज्ञांचे जुने ठोकताळे बऱ्याच अंशी बाद झाले.