एचआयव्ही सगळ्यांना सारखा का नाही गाठत? जीन्सच्या शोधामागची गोष्ट

१९८०च्या दशकात एड्सची साथ पसरत होती तेव्हाच डॉक्टरांना एक गोष्ट खटकत होती, काही जण वारंवार व्हायरसच्या संपर्कात येऊनही निगेटिव्हच राहायचे आणि ज्यांना लागण झाली त्यातले काही दोन-तीन वर्षांत खंगायचे तर काही औषधांशिवाय दहा-बारा वर्षं ठणठणीत. नुसतं नशीब म्हणून सोडून देण्यासारखं हे नव्हतंच.

न्यूयॉर्कच्या अ‍ॅरन डायमंड या एड्स संशोधन सेंटरमध्ये अशा निगेटिव्ह राहिलेल्यांच्या रक्तातल्या सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या रोगप्रतिकारक पेशी) घेतल्या, त्यात शरीरसंबंधांतून सहसा पसरतो त्या प्रकारचा व्हायरस सोडला, आणि त्यातल्या दोघांच्या पेशींना काही केल्या लागण होईना! कोडं सुटलं १९९६ मध्ये. पेशीत शिरायला व्हायरसला त्यांच्यावरच्या सीडी४ प्रोटीनसोबत सीसीआर५ नावाचं प्रोटीनही लागतं, आणि या दोघांत आई-वडील दोघांकडून आलेल्या सीसीआर५ जीनमधली डीएनएची ३२ अक्षरंच गायब होती, त्यामुळे ते प्रोटीन पेशीवर येतच नव्हतं. हाच तो डेल्टा-३२. एकच कॉपी अशी असेल तर लागण होते, पण आजार हळू वाढतो. आणि दोन्ही असल्या तरी पूर्ण अभय नाही हं, सीएक्ससीआर४ या दुसऱ्या प्रोटीनमधून शिरणारा व्हायरस अशांनाही गाठू शकतो.

लागण झाल्यावर पुढे काय होतं त्यात मात्र एचएलए जीन्सचा हात मोठा. एचएलए प्रोटीन व्हायरसचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर आणून टी-सेल्सना, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींना, दाखवतं, त्याचे बी५७ आणि बी२७ हे प्रकार नेमके असे तुकडे धरतात की सुटका करून घ्यायला व्हायरस बदलला तर बऱ्याचदा स्वतःच दुबळा पडतो. बी३५ चे काही प्रकार असणाऱ्यांचा आजार उलट लवकर बळावतो.

२००७ मध्ये बर्लिनला एचआयव्ही असलेल्या टिमोथी ब्राउनला ल्युकेमियासाठी (रक्ताच्या कॅन्सरसाठी) डेल्टा-३२ च्या दोन्ही कॉपी असलेल्या डोनरच्या स्टेम सेल्स (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) दिल्या आणि त्याचा एचआयव्हीही गेला, तेव्हा सीसीआर५ जगभर गाजलं. पण मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे की डेल्टा-३२ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत सापडतो, तिथेही दोन्ही कॉपी जेमतेम १ टक्का लोकांत, आणि साथीचा सगळ्यात मोठा मार खाल्लेल्या आफ्रिकेत तो जवळपास नाहीच. तरी मोठे जीनोम अभ्यास बरीच वर्षं युरोपीय वंशाच्या लोकांवरच जास्त झाले. आफ्रिकन वंशाच्या जवळपास ३,९०० लोकांचा अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात सीएचडी१एल जीनजवळ व्हायरसचं प्रमाण कमी ठेवणारे बदल सापडले, आणि ते फक्त आफ्रिकन वंशातच दिसणारे, म्हणजे युरोपात कितीही शोधलं असतं तरी हाती लागले नसते.