ब्रेस्टमधले दोन ‘बी अँड बी’: एकात न्याहारी धरलेली, दुसऱ्यात नाही

फ्रान्सच्या पश्चिम टोकावरच्या ब्रेस्ट बंदरात स्वस्त खोली हवी म्हणून ‘बी अँड बी ब्रेस्ट’ असे शोधले, की दोन निराळ्या गोष्टी एकाच यादीत समोर येतात. पहिली ‘बी अँड बी हॉटेल्स’ ही हॉटेलांची साखळी. दुसरी खरीखुरी ‘बेड अँड ब्रेकफास्ट’, म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घरातली न्याहारीसकट खोली. फ्रेंच लोक हिला ‘शांब्र दोत’ म्हणतात. गंमत अशी की नावात दोन ‘बी’ मिरवणाऱ्या साखळीत न्याहारीचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि नावात न्याहारीचा पत्ताही नसलेल्या शांब्र दोतमध्ये ती कायद्यानेच भाड्यात धरलेली असते. ब्रेस्टमध्ये हा घोटाळा जास्त होतो, कारण ही साखळी १९९० मध्ये याच शहरात सुरू झाली.

शांब्र दोत हा शब्द फ्रान्समध्ये कुणालाही पाटीवर रंगवता येत नाही. पर्यटन कायद्यात त्याची व्याख्या आहे. खोली मालकाच्या राहत्या घरातच हवी. एका घरात जास्तीत जास्त ५ खोल्या आणि एका वेळी १५ पाहुणे. प्रत्येक खोलीला न्हाणीघर आणि संडास वापरता आला पाहिजे; तो खोलीला जोडूनच असेल असे मात्र नाही. चादरी-टॉवेल, साफसफाई आणि सकाळची न्याहारी यांचे वेगळे पैसे घेता येत नाहीत. पाहुण्यांचे स्वागत मालकाने स्वतः करायचे, आणि धंदा सुरू करण्याआधी नगरपालिकेत तशी नोंद द्यायची. म्हणून यादीत ‘१२ खोल्या’ किंवा ‘रिसेप्शन २४ तास’ असे दिसले, तर वर काहीही लिहिलेले असो, ते शांब्र दोत नव्हे.

ओळखायची आणखी एक खूण म्हणजे तारे. फ्रान्समध्ये हॉटेलांना १ ते ५ तारे अधिकृतपणे मिळतात आणि ते वर्गीकरण ५ वर्षे चालते. शांब्र दोतला तारे मिळतच नाहीत. तिथे दिसतात ती खासगी संघटनांची चिन्हे: ‘जीत द फ्रांस’च्या गव्हाच्या लोंब्या किंवा ‘क्लेव्हाकांस’च्या किल्ल्या. तीन लोंब्या म्हणजे तीन तारे असा हिशेब मनात मांडू नये. मोजपट्टीच वेगळी आहे. याच ‘जीत’ शब्दावरून तिसरा गोंधळ होतो. जीत म्हणजे स्वयंपाकघरासकट पूर्ण घर किंवा फ्लॅट, बहुधा आठवड्याच्या हिशेबाने. तिथे न्याहारी नाही, चादरींचेही अनेकदा वेगळे पैसे. आणि मोबाइलच्या अ‍ॅपवर मिळणारी ‘घरातली एक खोली’ न्याहारी देत नसेल, तर तीही कायद्याच्या भाषेत शांब्र दोत ठरत नाही.

आता साखळीचे हॉटेल. इथे विकली जाते ती रात्रीची झोप. खोली आटोपशीर, स्वतःचे शॉवर आणि संडास आत, वायफाय, टीव्ही, आणि कुटुंबासाठी तीन-चार जणांच्या खोल्या, ज्यात एखादा पलंग दुमजली असतो. खोलीत फ्रिज किंवा किटली असेलच असे गृहीत धरू नये. पिठले-भाताची पाकिटे घेऊन निघालेल्यांनी गरम पाण्याची सोय आधी विचारून घ्यावी; नाहीतर तळमजल्यावरच्या कॉफीयंत्रापाशी उभे राहावे लागते.

अशा स्वस्त हॉटेलांमध्ये भारतीय पाहुणा बहुतेक वेळा अडतो तो दारात. रिसेप्शनला माणूस ठरावीक तासच असतो. तो नसेल तेव्हा दाराशी एटीएमसारखे यंत्र असते. भाषा निवडायची, आरक्षण आहे की नवी खोली हवी ते सांगायचे, आडनाव किंवा आरक्षण क्रमांक टाकायचा, राहिलेले पैसे कार्डाने भरायचे. यंत्रातून खोलीचा क्रमांक आणि आकडी कोड छापलेली चिठ्ठी येते. ज्या हॉटेलात अशी व्यवस्था आहे, तिथे तो कोड बाहेरच्या दारालाही लागतो आणि खोलीलाही. चिठ्ठी खोलीत ठेवून रात्री जेवायला बाहेर पडलात तर परतताना दाराबाहेर अडकाल, म्हणून कोड फोनमध्ये टिपून घ्यावा.

यंत्र नाही म्हणते त्याची कारणे ठरलेली आहेत. दुसऱ्या संकेतस्थळावरून आरक्षण केले असेल, तर त्यांचा क्रमांक आणि हॉटेलचा क्रमांक वेगळा असू शकतो. आडनावाने शोधून पाहावे. पासपोर्टवर आडनाव आणि नाव यांची अदलाबदल झालेली असेल, तर दोन्ही टाकून पाहावे. तारखेचा घोळ सगळ्यांत महाग पडतो. रात्री साडेबाराला पोहोचणार असाल, तर आरक्षण आदल्या तारखेचे हवे. १२ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पोहोचून १३ चे आरक्षण दाखवले, तर यंत्राच्या लेखी तुम्ही बारा-चौदा तास लवकर आला आहात. चौथे कारण आपल्या बाजूचे: रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवे कार्ड फक्त देशांतर्गत वापरासाठी चालू असते. परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून स्वतः सुरू करायचा असतो, आणि त्यात दुकानातला व्यवहार व ऑनलाइन व्यवहार यांची बटणे वेगळी असतात. ऑनलाइनचे एकच बटण दाबून आलेल्याचे कार्ड आरक्षणाला चालते आणि दारातल्या यंत्रात अडकते. चिप असलेले कार्ड हातात हवे, पिन पाठ हवा.

शांब्र दोतमध्ये यंत्र नाही, पण वेळ आहे. मालकीण किंवा मालक बहुधा संध्याकाळचा एक पट्टा सांगतात, उदाहरणार्थ ५ ते ८. पॅरिसच्या माँपार्नास स्थानकावरून ब्रेस्टची थेट टीजीव्ही (वेगवान रेल्वेगाडी) साधारण साडेतीन ते पावणेचार तास घेते, म्हणजे संध्याकाळी सातची गाडी धरली तर पोहोचायला साडेदहा होतात. एवढ्या उशिरा यायचे असेल तर आधी कळवून होकार घ्यावा. न कळवता जाणे म्हणजे कुणाचे तरी झोपलेले घर उठवणे. उशिरा पोहोचणाऱ्याने पहिली रात्र सरळ साखळीत काढावी आणि दुसऱ्या दिवशी घरात जावे, हे आम्हाला जास्त शहाणपणाचे वाटते.

जागेचा मुद्दा ब्रेस्टच्या इतिहासाशी बांधलेला आहे. १९४४ च्या वेढ्यात हे शहर जवळजवळ जमीनदोस्त झाले आणि युद्धानंतर सरळ रस्ते आखून नव्याने उभे राहिले. त्यामुळे रू द सिआम या मुख्य रस्त्याच्या आसपासचा मध्यभाग म्हणजे बव्हंशी युद्धोत्तर फ्लॅटच्या इमारती. पाहुण्यांना चार खोल्या देता येतील अशी ऐसपैस घरे त्यात कमी. शांब्र दोत शोधताना म्हणूनच नजर कडेच्या वस्त्यांकडे, नाहीतर प्लुगास्तेल, प्लूझाने, ल काँके अशा शेजारच्या गावांकडे वळते. तिथे बाग असते, समुद्र दिसतो, आणि रविवारी संध्याकाळी बस मिळेलच असे नाही. गाडी भाड्याने घेणार असाल तर प्रश्न मिटला. बसने फिरणार असाल तर पत्ता नकाशावर टाकून शेवटच्या बसची वेळ पाहिल्याशिवाय पैसे भरू नयेत.

साखळीची हॉटेले दोन प्रकारच्या जागी सापडतात: शहराच्या कडेला महामार्गालगत मोठ्या दुकानांच्या वसाहतीत, किंवा स्थानक आणि बंदराजवळ. कडेचे हॉटेल स्वस्त आणि पार्किंगला सोपे, पण जेवायला चालत जाण्याजोगे फार काही नसते. ट्रामच्या ए मार्गाचे एक टोक पोर्त द गुएनूला, म्हणजे शहराच्या उत्तरेच्या अशाच भागात जाते. तो थांबा खरोखर चालण्याच्या अंतरात आहे का ते पाहावे. बंदराजवळच्या हॉटेलाबद्दल एक इशारा: रेल्वे स्थानक वर कड्यावर आहे आणि व्यापारी बंदर खाली. नकाशावर अंतर चिमूटभर दिसते, जाताना उतार असतो. परतताना मोठी बॅग घेऊन तोच चढ होतो. पत्ता विचारताना मात्र ‘ओतेल द व्हील’ म्हणू नये. ती महापालिकेची इमारत आहे, ट्रामच्या लिबर्ते थांब्याशेजारी, आणि तिथे झोपायला मिळत नाही.

न्याहारीत दोघांचा स्वभाव दिसतो. साखळीत बुफे: पाव, लोणी, जॅम, सीरिअल, दही, फळे, चीज, हॅम, रस, यंत्राची कॉफी. पैसे माणशी, आणि आदल्या रात्री ठरवले तरी चालते. उईसाँ बेटाची बोट पकडायची असेल तर हा बुफे कामाचा, कारण बोट व्यापारी बंदरातून सकाळी लवकर सुटते, साधारण साडेआठच्या सुमारास. ऋतूप्रमाणे वेळ बदलते, म्हणून वेळापत्रक पाहून घ्यावे. शांब्र दोतमध्ये न्याहारी बहुधा ८ ते ९:३० च्या दरम्यान मांडली जाते. बोटीच्या दिवशी ती हुकते आणि भरलेले पैसे वाया जातात. आदल्या संध्याकाळी सांगितले तर बरेच यजमान लवकर मांडतात किंवा बांधून देतात.

पण निवांत सकाळ असेल तर घरच्या न्याहारीची सर बुफेला नाही. खारे लोणी, घरचा जॅम, गरम क्रेप (पातळ धिरडी), कधी ‘फार’ हा अंडी-दुधाचा भाजलेला गोड पदार्थ. शाकाहारी, पण अंडे न खाणाऱ्यांनी इथे जरा सावध राहावे. गव्हाच्या क्रेपमध्ये अंडे असते, फारमध्ये भरपूर असते, ब्रिओश या मऊ गोडसर पावात असते आणि क्रोसाँवर चकाकीसाठी ते फासलेले असते. साधा पाव चालतो. कुइन्य-आमान हा इथला गोड पदार्थ पावाच्या कणकेत लोणी-साखर दुमडून करतात, त्यात सहसा अंडे नसते. काही घरी संध्याकाळचे जेवणही मिळते, त्याला ‘ताब्ल दोत’ म्हणतात. ते फक्त घरात उतरलेल्या पाहुण्यांसाठी, सगळ्यांना एकच बेत, आणि बेत किनाऱ्यावरच्या गावात बहुतेक वेळा मासळीचा. खोली ठरवतानाच ‘sans viande, sans poisson, sans œufs’ (सां व्हियांद, सां प्वासों, सां-झ), म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, असे लिहून कळवावे. जेवणाच्या मेजावर बसून सांगितले तर यजमानाकडे पाव आणि चीजशिवाय काही उरत नाही.

पैशांचा हिशेब करताना समान गोष्टींची तुलना करावी. समजा साखळीत खोली ६२ युरो आणि न्याहारी माणशी ९. दोघांचे ८० झाले. शांब्र दोत ८२ म्हणत असेल तर ती महाग नाही. एकट्या प्रवाशाचे गणित उलटे: साखळीत ७१, तर घरात एकट्यासाठी जेमतेम थोडी सूट. शिवाय साखळीचे दर मागणीप्रमाणे रोज हलतात, घराचे ऋतूपुरते ठरलेले असतात. दर चार वर्षांनी जुलैमध्ये ब्रेस्टला शिडाच्या जहाजांचा मोठा उत्सव भरतो. तेव्हा साखळी महागते आणि घरे कित्येक महिने आधी भरतात. पर्यटक कर दोन्हीकडे माणशी, रात्रीगणिक; १८ वर्षांखालच्यांना माफ. शांब्र दोत या कराच्या तक्त्यात एक तारा हॉटेलाच्या रांगेत बसते.

आगाऊ रकमेचा शब्द नीट वाचावा. साखळीत ‘परतावा मिळणारे’ आणि ‘न मिळणारे’ असे दोन दर असतात, ते सरळ आहे. घरमालक मात्र पत्रात ‘आर’ किंवा ‘आकोंत’ लिहितो. आर म्हणजे: तुम्ही रद्द केले तर ती रक्कम गेली, पण मालकाने रद्द केले तर त्याने दुप्पट परत करायची. आकोंत म्हणजे व्यवहार पक्का: तुम्ही माघार घेतली तर उरलेली रक्कमही मागितली जाऊ शकते. ऑनलाइन खरेदीला युरोपात मिळणारी १४ दिवसांची माघारीची सवलत ठरलेल्या तारखेच्या मुक्कामाला लागू नाही. व्हिसा अजून हातात नसेल तर आकोंतवाल्या घराला तूर्त नकोच म्हणावे. आणि उरलेले पैसे कशाने द्यायचे तेही विचारावे. बऱ्याच घरी कार्डाचे यंत्र नसते, रोख किंवा बँक ट्रान्सफरच चालतो.

व्हिसाच्या फायलीला दोन्हीचे आरक्षणपत्र चालते, फक्त त्यावर प्रत्येक प्रवाशाचे नाव, तारखा आणि पूर्ण पत्ता हवा. घरात राहणार म्हणून नगरपालिकेचे यजमानपत्र आणायची गरज नाही. ते मित्र-नातेवाइकांकडे फुकट उतरणाऱ्यांसाठी असते. पोहोचल्यावर परदेशी पाहुण्याला पोलिसांसाठीचा एक छोटा अर्ज भरून सही करावी लागते, हॉटेलातही आणि घरातही. १५ वर्षांखालची मुले पालकाच्या अर्जात बसतात.

आई-वडील बरोबर असतील तर जिन्याची चौकशी करावी. हॉटेलाला अपंगांसाठी सोयीची खोली ठेवण्याचा नियम आहे. पाच खोल्यांच्या घराला तो लागू नाही. अनेक घरांत पाहुण्यांच्या खोल्या वरच्या मजल्यावर, अरुंद लाकडी जिन्याच्या टोकाला असतात, आणि वेबपानावरच्या फोटोत तो जिना बहुधा नसतो.