मोठ्या चाकांचे ओझे फ्रेमवर

पणजीत मिरामारच्या किनाऱ्यालगत किंवा कांपालच्या मोकळ्या जागेत मुलांना इनलाइन, म्हणजे एका ओळीत चाके असलेले, स्केट शिकवायला नेणाऱ्या पालकांच्या तोंडी एक विधान हमखास ऐकू येते : मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, म्हणून मोठ्या चाकांचे स्केट अधिक वेगवान असतात. या विधानाचा पहिला भाग बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. सायकलमध्ये पाय पेडल फिरवतो, पेडल साखळीमार्फत चाक फिरवते आणि त्यामुळे चाकाचा घेर हा गिअरच्या हिशेबाचाच एक भाग ठरतो. स्केटचे चाक मात्र कोणीच फिरवत नाही. स्केटर पायाने बाजूला रेटा देतो, त्या रेट्याने शरीर पुढे सरकते आणि चाके जमिनीशी होणाऱ्या घर्षणाने आपोआप फिरतात. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना ८० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला सुमारे २००० फेरे घेते, तर १२५ मिलिमीटरचे चाक सुमारे १२७०. फेऱ्यांच्या या फरकातून स्केटरला गिअरसारखा कोणताही लाभ मिळत नाही.

याच आकड्यांच्या आधारे आणखी एक जाहिरातबाजी निकालात काढता येते. बेअरिंगच्या डबीवर ठळक छापलेला ‘एबेक ७’ किंवा ‘एबेक ९’ हा आकडा वेगाची हमी म्हणून विकला जातो. वास्तविक तो केवळ बेअरिंगच्या मापांतील अचूकता सांगतो. स्केटमध्ये सर्रास वापरले जाणारे ६०८ क्रमांकाचे बेअरिंग मिनिटाला हजारो फेऱ्यांच्या यंत्रांसाठी बनवलेले असते, त्याला २००० फेऱ्यांचे काहीच वाटत नाही. आत शिरलेली वाळू आणि सुकलेले ग्रीस यांचा परिणाम त्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त होतो.

मग मोठ्या चाकाचा खरा फायदा कोणता? तो रस्त्याच्या खडबडीतपणात आहे. दोन पेव्हर ब्लॉकमध्ये २० मिलिमीटरची फट असेल, तर ८० मिलिमीटरचे चाक तिच्यात सव्वा मिलिमीटर उतरते आणि १२५ मिलिमीटरचे चाक ०.८ मिलिमीटर. हॉटमिक्सच्या थिगळाची ५ मिलिमीटर उंच कड चढण्यासाठी लहान चाकाला त्याच्यावरील भाराच्या सुमारे ५५ टक्के इतका आडवा जोर लागतो, मोठ्या चाकाला सुमारे ४३ टक्के. येथे एक गोम आहे, जी विक्रेते सांगत नाहीत. ८० मिलिमीटरची चाके एका स्केटला चार असतात, १२५ मिलिमीटरची तीनच. त्यामुळे प्रत्येक मोठ्या चाकावर भारही जास्त येतो आणि एका धक्क्याचा जोर दोन्हीकडे जवळपास सारखाच भरतो. फरक असा, की तेवढ्याच जोराचे धक्के चारऐवजी तीन बसतात. लाभ आहे, पण माफक आहे.

चाके तीनच का, याचे उत्तर साध्या बेरजेत आहे. दोन चाके एकमेकांना घासू नयेत म्हणून त्यांच्या ॲक्सलमधील (चाक ज्यावर फिरते त्या दांड्यांमधील) अंतर व्यासापेक्षा दोन-तीन मिलिमीटरने जास्त ठेवावे लागते. १२५ मिलिमीटरची चार चाके एका ओळीत बसवली, तर पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमधील अंतर ३८० मिलिमीटरच्या वर जाते. एवढी लांब फ्रेम, म्हणजे चाके बुटाशी जोडणारा सांगाडा, वळवणे म्हणजे कसरतच. तीन चाकांत ते अंतर सुमारे २५६ मिलिमीटर राहते, म्हणजे ८० मिलिमीटरच्या चार चाकांच्या नेहमीच्या फ्रेमहून जेमतेम बोटभर जास्त. शर्यतीच्या स्केटमध्ये ८० मिलिमीटरच्या पाच चाकांवरून १०० आणि ११० मिलिमीटरच्या चार चाकांवर आणि पुढे १२५ मिलिमीटरच्या तीन चाकांपर्यंत जो प्रवास झाला, त्यामागे लांबीचे हेच बंधन आहे.

चाक मोठे करणे हे साचा बदलण्याइतके सोपे काम आहे. खरी अभियांत्रिकी सुरू होते ती त्या चाकाला बुटाशी जोडणाऱ्या फ्रेममध्ये, आणि तिथला मुख्य शत्रू वजन नसून पीळ आहे.

फ्रेमचा छेद पाहिला तर तो उलट्या ‘यू’ अक्षरासारखा दिसतो : वर बूट टेकण्याचे पाट आणि खाली उतरणाऱ्या दोन भिंती, ज्यांच्या टोकांना ॲक्सल अडकवलेले असतात. चाक बाहेर यायचे असल्यामुळे खालची बाजू उघडी ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. ८० मिलिमीटरच्या चाकासाठी पाटापासून ॲक्सलपर्यंत भिंतीची उंची सुमारे ४४ मिलिमीटर लागते, १२५ मिलिमीटरच्या चाकासाठी सुमारे ६६. स्केटर बाजूला रेटा देतो तेव्हा जमिनीकडून येणारा आडवा जोर या भिंतींना एका बाजूला कलवतो. असा कल उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. उंची दीडपट झाली, की त्याच जोराखाली तीच भिंत जवळपास ३.४ पट जास्त कलते. तो कल पूर्वीइतकाच ठेवायचा तर जाडीही दीडपट करावी लागते, आणि उंची व जाडी दोन्ही दीडपट झाल्यामुळे भिंतीचे वजन सव्वादोनपट होते. घोटा आणि जमीन यांच्यातील अंतर वाढल्याने घोट्यावर येणारे आघूर्ण, म्हणजे त्याला कलवू पाहणारा तरफेचा जोर, हेही वाढते, ते वेगळेच.

पिळाची गोष्ट याहून अधिक रोचक आहे. एक पातळ धातूची नळी घ्यावी, जिची त्रिज्या १० मिलिमीटर आणि भिंतीची जाडी १ मिलिमीटर आहे. तिला दोन्ही टोकांना धरून पिळण्याचा प्रयत्न केला तर ती दाद देत नाही. आता तिच्या लांबीभर करवतीने एक चीर पाडावी. धातू जवळपास तेवढाच राहिला, वजन तेवढेच राहिले, परंतु पिळाला होणारा विरोध सुमारे ३०० पटींनी घटला. कारण असे : बंद नळीत पिळामुळे निर्माण होणारा कातर-प्रतिबल नावाचा अंतर्गत ताण नळीच्या घेराभोवती अखंड फिरतो, आणि त्याला मध्यापासून १० मिलिमीटरची तरफ मिळते. चीर पडली की हा प्रवाह कडेशी अडतो. त्याला भिंतीच्या जाडीतच एका बाजूने जाऊन दुसऱ्या बाजूने परत फिरावे लागते, म्हणजे त्याच्या हाती तरफ उरते ती मिलिमीटरच्याही आतली. त्रिज्या आणि जाडी यांच्या गुणोत्तराचा वर्ग करून त्याला तीनने गुणले, की हा ३०० चा आकडा मिळतो. मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जींची रचना करणाऱ्यांनाही हेच गणित सोडवावे लागते, कारण माल भरण्यासाठी वरून उघडे ठेवलेले पोट हे त्या चिरेसारखेच वागते, म्हणून बाजूंना बंद कप्पे देऊन ताठरपणा परत मिळवावा लागतो.

स्केटची फ्रेम ही उलटी ठेवलेली बार्जच होय. तिचे पोट बंद करता येत नाही, पण दोन चाकांच्या मधल्या खोलगट जागेत दोन्ही भिंतींना जोडणारे आडवे पूल ठेवता येतात आणि तेवढ्या भागात बंद पेटी तयार होते. लहान चाकांच्या फ्रेममध्ये पाटाखालीही एक पोकळ बंद कप्पा राखता येतो. मोठ्या चाकांत तो राखणे जिवावर येते, कारण त्या कप्प्यासाठी दिलेला प्रत्येक मिलिमीटर पाय जमिनीपासून आणखी वर उचलतो. शिवाय चार चाकांमध्ये अशा तीन जागा मिळतात, तीन चाकांमध्ये दोनच. मात्र वर्तुळे मोठी असल्यामुळे त्यांच्यामधली प्रत्येक जागा अधिक खोल असते, म्हणून पूल थोडे असले तरी जाडजूड करता येतात. त्याच जागेत बूट बसवण्याचे बोल्टही सामावून घ्यावे लागतात. सर्वसाधारण स्केटमध्ये पुढच्या आणि मागच्या बोल्टमधील अंतर १६५ मिलिमीटर, तर शर्यतीच्या बुटांत १९५ मिलिमीटर असते. माझ्या मते चांगली फ्रेम आणि दिखाऊ फ्रेम यांतला फरक येथेच कळतो. वजन घटवले असे दाखवण्यासाठी भिंतींना नक्षीदार खिडक्या पाडलेल्या आणि पूल मात्र काडीसारखे बारीक, अशी फ्रेम हातात हलकी लागते आणि रेट्याखाली पिळवटते.

ॲक्सलही या रचनेत आपला वाटा उचलतात. चाकाच्या आत दोन बेअरिंग आणि त्यांच्यामध्ये अंतर राखणारी छोटी नळी, म्हणजे स्पेसर, असतो. ॲक्सल आवळला की दोन्ही भिंती या तिघांवर घट्ट दाबल्या जातात आणि एकजीव झाल्यासारख्या वागतात. सफाई करताना स्पेसर हरवला आणि त्याविना चाक बसवले, तर ॲक्सल पुरेसा आवळताच येत नाही, कारण आवळताच बेअरिंग अडकतात. मग दोन्ही भिंती स्वतंत्रपणे डुलू लागतात.

हे सगळे संगणकावर तपासता येते, पण प्रत्यक्ष चाचणीला पर्याय नाही. त्यासाठी लागणारी साधने वेर्णा येथील कोणत्याही बऱ्या मशीन शॉपमध्ये मिळतील. फ्रेमचे पाट जाड पोलादी ठोकळ्यावर बोल्टने पक्के करायचे, टोकाच्या ॲक्सलला आडवे वजन टांगायचे आणि समोरच्या भिंतीवर सूक्ष्म सरकणे मोजणाऱ्या डायल गेजची टोकणी टेकवायची. काटा किती सरकला यापेक्षा वजन काढल्यावर तो शून्यावर परत आला की नाही, हे पाहणे अधिक महत्त्वाचे असते. काटा दोन-तीन रेघा अलीकडे थांबला, तर धातू कुठेतरी कायमचा वाकला आहे असे समजावे. त्यानंतर भार हजारो वेळा लावून काढण्याची पाळी येते, कारण ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची स्पष्ट किमान मर्यादा नसते, आणि लहान भारही पुरेशा वेळा लावला तर तडा पडू शकतो. इनलाइन स्केटच्या सुरक्षा-चाचण्यांसाठी ईएन १३८४३ हे युरोपीय मानक आहे.

रस्त्यावरची चाचणी त्याहून सोपी आहे. ठरावीक वेग घेऊन पाय न हलवता घसरत राहायचे आणि किती अंतरावर थांबतो ते मोजायचे. समजा, सेकंदाला ३ मीटर वेगाने सुरुवात करून स्केटर ३० मीटरवर थांबला, तर एकूण विरोध वजनाच्या सुमारे दीड टक्का ठरतो. किनाऱ्यालगत दुपारी खारा वारा सुटतो आणि तो या मोजमापाचे वाटोळे करतो, म्हणून चाचणी सकाळी, दोन्ही दिशांनी करून सरासरी काढावी.

राहिला धातूचा प्रश्न. ॲल्युमिनियमची ७०७५ ही मिश्रधातू ६०६१ पेक्षा बरीच बळकट असते, पण ताठरपणा दोघींचा जवळपास सारखाच असतो. म्हणजे महाग मिश्रधातू फ्रेमला मोडण्यापासून वाचवते, कलण्यापासून नाही. मॅग्नेशियम आणखी हलके असते, मात्र पोलादी ॲक्सलला लागून खाऱ्या ओलाव्यात ते ॲल्युमिनियमहून कितीतरी लवकर गंजते, कारण दोन भिन्न धातू आणि खारे पाणी मिळून एक छोटा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजण्याची पाळी मॅग्नेशियमवर येते. पावसाळाभर घराच्या बाल्कनीत पडून राहिलेल्या स्केटच्या ॲक्सलभोवती जी पांढरी भुकटी दिसते, ती या घटाचीच राख असते, आणि ती दिसली की ॲक्सल काढून आटे कोरडे करावेत, ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि भोकाच्या कडेशी केसासारखी रेघ गेली आहे का, हे भिंगाने पाहावे.