उन्हाळ्यात ठणकणारा अंगठा

सांधेदुखी म्हटलं की आपल्याला थंडी आठवते. आमच्या तासगावच्या काकांचं दुखणं मात्र एप्रिलमधलं. दिवसभर बेदाण्याच्या शेडवर राबून आले, जेवले, झोपले. आणि रात्री दोनच्या सुमारास उजव्या पायाच्या अंगठ्यात अशी कळ उठली की अंगावरची चादरही सोसवेना. सकाळी अंगठा लालबुंद. "काय तरी चावलंय," काकू म्हणाल्या. "पाणी पीत नाहीत, सांध्यातलं वंगण आटलंय," असं शेजाऱ्यांचं निदान.

वंगण आटण्याची ही कल्पना भलतीच लोकप्रिय आहे. पण निरोगी गुडघ्यातसुद्धा हा द्रव असतो जेमतेम काही मिलिलिटर, चहाचा चमचा भरेल न भरेल एवढा. दिवसभराच्या उन्हाने तो सुकून जातो, याला भक्कम पुरावा नाही. शेजाऱ्यांचं पाण्याबद्दलचं म्हणणं खरं होतं, फक्त जागा चुकली होती. गडबड सांध्यात नव्हे, रक्तात सुरू झाली होती.

काकांना झाला होता गाऊट. शरीरात रोज यूरिक आम्ल तयार होतं आणि त्यातलं बरंचसं लघवीवाटे जातं. ३७ अंश तापमानाला १०० मिलिलिटर रक्तात ते साधारण ६.८ मिलिग्रॅमपर्यंत विरघळून राहतं. त्यापुढे पाकातली साखर जशी तळाशी दाणे धरते, तसे सांध्यात त्याचे सुईसारखे स्फटिक बनू शकतात आणि सांधा सुजून ठणकतो. तापमान उतरलं की विरघळायची मर्यादाही उतरते: ३५ अंशांना सुमारे ६, ३० अंशांना साडेचारच्या आसपास. पायाचा अंगठा हृदयापासून लांब, म्हणून शरीरातल्या थंड भागांपैकी एक. पहिला झटका बहुतेकदा तिथेच येतो, त्याचं हे एक कारण.

मग उन्हाळ्यात का? कोरड्या, तापलेल्या हवेत घामावाटे पाणी जातं आणि रक्तातलं यूरिक आम्ल दाट होतं. २०१४ साली बोस्टनच्या संशोधकांनी गाऊटच्या रुग्णांची नोंद तपासली, तेव्हा उष्ण आणि कोरड्या दिवसांनंतर झटके वाढलेले दिसले. बेदाण्याला नेमकी अशीच हवा लागते. द्राक्षातलं पाणी ओढून घेणारी हवा शेडवरच्या माणसाला तरी कशी सोडेल?

त्यात तहानेवर आपला उपाय म्हणजे रसवंती. सांगली जिल्ह्यात उसाच्या रसाला नावं ठेवायची म्हणजे घरातून बाहेर पडायची तयारी हवी, तरी सांगतो. मोठ्या ग्लासात साधारण ३० ग्रॅम साखर असते आणि तिचा जवळपास निम्मा भाग फ्रुक्टोज. यकृत फ्रुक्टोज फोडताना पेशीतलं ऊर्जेचं चलन भराभर खर्च करतं आणि त्या खर्चाचा कचरा शेवटी यूरिक आम्ल होऊन रक्तात येतो. थंडगार कोल्ड्रिंकचंही तेच, बिअरचं त्याहून वाईट. याउलट दूध, ताक घेणाऱ्यांत गाऊट कमी आढळतो. एखादा ग्लास रस कुणाला आडवा करत नाही. काका मात्र पाण्याऐवजीच रस पीत होते.

त्या सकाळी काकूंनी हळदीचा लेप लावला. सांगलीच्या हळदीला २०१८ पासून भौगोलिक मानांकन आहे, तिचा मान राखायलाच हवा. पण हळदीतलं कुरक्युमिन वजनाच्या काही टक्केच असतं आणि पोटात गेलं तरी रक्तात फार थोडं उतरतं. लेपाने बरं वाटलं तर वाटू द्यावं, स्फटिक त्याने विरघळत नाहीत.

लेपापेक्षा मला भीती वाटली ती काकांनी मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या गोळ्यांची. डायक्लोफेनॅक, दिवसाला तीन. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह टिकवायला प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं मदत करतात. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी हीच रसायनं बनू देत नाही. सूज उतरते तीही त्यामुळेच. थंडीत हे बहुतेकांना खपून जातं. उन्हाळ्यात, पाणी उतरलेल्या शरीरात, मूत्रपिंड उपाशी पडू शकतं. काकांची रक्तदाबाची गोळी टेल्मिसार्टन आणि पाणी काढणारं औषध अशी जोडीची होती, म्हणजे धोका तिहेरी. शिवाय पाणी काढणारी काही औषधं यूरिक आम्लही वाढवतात.

याच डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडं जवळपास संपवली, हे अनेकांना माहीत नसतं. हे औषध दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि आतल्या अवयवांवर यूरिक आम्लाचा पांढरा थर चढला. म्हणजे गाऊटच, पण पोटातला. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. माणूस गिधाड नव्हे, त्याला हे औषध कितीतरी जास्त सोसतं; तरी गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

डॉक्टरांनी गोळ्या थांबवून दुसरं औषध दिलं, मूत्रपिंड नीट चालतंय का हे सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला लावलं. रक्तदाबाची गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हे बजावलं. अंगठ्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं. शेक नाही, तो आखडलेल्या गुडघ्यासाठी. पाणी किती, तर लघवी फिकट पिवळी राहील एवढं; हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र विचारूनच.

त्या दिवशीचं यूरिक आम्ल "नॉर्मल" आलं म्हणून काका खूश झाले होते. झटका चालू असताना ते तसं येऊ शकतं. चार आठवड्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ८.४ निघालं. आता शेडवर रोज ताकाची कॅन जाते, मीठ बेताचं घातलेली. रसवंतीवर ते अजूनही थांबतात, पण अर्धाच ग्लास सांगतात. रसवाला पैसे पूर्ण ग्लासाचेच घेतो, ही त्यांची तक्रार.