टाइप रेटिंगचे पैसे भरण्याआधी
(सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स, झालेल्या किंवा होत आलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी)

मोटारीचं लायसन्स एकदा निघालं की मारुती चालवा नाहीतर टाटा, कुणी अडवत नाही. विमानाचं तसं नसतं. 200 तास उडून सीपीएल हातात आलं, तरी प्रवासी विमानात को-पायलट म्हणून बसायला त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान उडवण्याची परवानगी, लायसन्सवर चढवावं लागतं. इंडिगोकडे ए320 ही जेट विमानं आहेत आणि एटीआर ही पंख्याची छोटी विमानंही. कंपनी एकच, पण फक्त एटीआरचं रेटिंग असलेल्याला ए320 उडवता येत नाही.

कोणतं रेटिंग कुठे चालतं

ए320 चं रेटिंग ए319, ए320 आणि ए321 या तिन्हींना चालतं. जुन्या इंजिनांवरून निओवर (नव्या इंजिनांच्या विमानांवर) जायला थोडं फरकाचं प्रशिक्षण पुरतं. इंडिगो, एअर इंडिया आणि एअर इंडिया एक्सप्रेस या तिघांकडे ही विमानं आहेत. बोइंग 737 अकासा, एअर इंडिया एक्सप्रेस आणि स्पाइसजेटकडे. एटीआर 72 इंडिगो, अलायन्स एअर आणि फ्लाय91 कडे. क्यू400 हे दुसरं पंख्याचं विमान भारतात प्रवासी सेवेत स्पाइसजेटपुरतंच. एम्ब्रेयर म्हटलं की स्टार एअर. त्यातही 145 आणि 175 ही दोन वेगळी रेटिंगं आहेत, हे पुष्कळांना फॉर्म भरताना कळतं.

ही यादी एवढ्यासाठी दिली, की कंपनी बंद पडली तर तुमचं रेटिंग घेऊन दुसरीकडे जाता येईल का, हे तिच्यावरून कळतं. जेट एअरवेज 17 एप्रिल 2019 ला थांबली. तिच्याकडे मुख्यतः 737. मॅक्स (737 चं नवं मॉडेल) विमानं त्याच्या महिनाभर आधीच जमिनीवर बसवलेली, आणि देशात 737 वाले मोजकेच. गो फर्स्ट 3 मे 2023 ला थांबली, पण तिची विमानं ए320 निओ. त्याच जातीची विमानं इंडिगो आणि एअर इंडियाकडे होती आणि दोघांच्या नव्या ऑर्डरीही मोठ्या होत्या. नोकरी दोन्हीकडे गेली, पुढचा रस्ता मात्र सारखा नव्हता.

एटीआर म्हणजे कमीपणा?

मुळीच नाही. एटीआरवरचे तास एटीपीएलच्या (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या लायसन्सच्या) 1500 तासांत धरले जातात. छोट्या धावपट्ट्या, दिवसात अनेक उड्डाणं. त्यामुळे लँडिंगचा हात लवकर बसतो. अडचण परदेशी जायचं म्हटलं की येते. तिथल्या बऱ्याच जाहिरातींत ठरावीक वजनापुढच्या जेट विमानाचे तास मागतात. एटीआर 72 टर्बोप्रॉप आहे, उड्डाणाचं कमाल वजन सुमारे 23 टन. ए320 निओचं 79 टन. 777 किंवा 787 या मोठ्या विमानांची हौस सगळ्यांना असते, पण लांब पल्ल्यावर लँडिंग कमी वाट्याला येतं आणि कॅप्टनपदाची रांग बहुधा लांब असते.

डीजीसीएची (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची) मर्यादा वर्षाला 1000 तासांची आहे. म्हणजे 200 वरून 1500 गाठायला कागदावरसुद्धा सव्वा वर्षावर काळ जातो, प्रत्यक्षात त्याहून जास्त.

स्वतःच्या खर्चाने रेटिंग घ्यावं का?

कंपनीचं निवडपत्र हातात नसेल, तर आमचं मत: घेऊ नका. रेटिंग घेऊन घरी बसलं की ते शिळं होतं. 90 दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग हवेत, दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर चाचणी हवी. नोकरी नसेल तर हे सगळं पुन्हा खिशातून. शिवाय तुम्ही 737 चं घेतलं आणि भरती ए320 ची निघाली, तर पहिले पैसे गेलेच.

तरीही घेणारच असाल, तर कोटेशन लेखी घ्या आणि त्यात हे आहे का पाहा: वर्ग व सिस्टिमची परीक्षा, फिक्स्ड बेस (न हलणाऱ्या सिम्युलेटरवरची) सत्रं, पूर्ण हालचालीच्या सिम्युलेटरची सत्रं (किती तासांची, आणि तुमच्यासोबत दुसऱ्या खुर्चीवर कोण), परीक्षकाची फी, प्रत्यक्ष विमानावरचं टेकऑफ-लँडिंग, जीएसटी. सिम्युलेटर परदेशी असेल तर व्हिसा आणि राहणं. प्रत्यक्ष विमानावरचं टेकऑफ-लँडिंगच बहुतेक कोटेशनांत नसतं, कारण ते सगळ्यात महाग. आणि ते झाल्याशिवाय रेटिंग लायसन्सवर चढत नाही.

कंपनीने रेटिंग दिलं तर बाँड (ठरावीक वर्षं नोकरी सोडली तर रक्कम भरायची, असा करार) असतो; वर्षं आणि रक्कम वाचूनच सही करा. नोटीस कालावधी वेगळा: डीजीसीएच्या 2017 च्या नियमाने को-पायलटला सहा महिने, कॅप्टनला एक वर्ष.

कर्जाबाबत

साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागतं. सातबारा घेऊन बँकेत जाणारे पालक बहुधा हात हलवत परत येतात: सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याने शेतजमिनीवर वसुली करता येत नाही, म्हणून बँका ती टाळतात. घर, फ्लॅट, एनए (बिगरशेती) प्लॉट किंवा मुदत ठेव चालते. रेटिंगची रक्कम त्याच कर्जात बसते का, हे मंजुरीपत्र निघण्याआधीच विचारा.

आमच्याकडे येताना सीपीएल, क्लास 1 मेडिकल, लॉगबुकच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स आणि मिळालेली सगळी कोटेशनं आणा.